पालखी गेल्यापासून चक्कर

"काय होतंय आजी?"

"चक्कर येतीया."

"कधीपासून?"

"पालखी गेल्यापास्नं."

गेल्या भाद्रपदात बारामतीतल्या एका सरकारी ओपीडीत कानावर पडलेला हा संवाद. मामांचा नंबर यायची वाट बघत मी बाकावर बसलो होतो. विचारणारा इंटर्न इकडचा नव्हता. पालखी कुठली, ती कधी गेली, याचा त्याला पत्ता नसावा. कागदावर पेन टेकवून तो नुसता बघत राहिला. पलीकडच्या टेबलावर इंजेक्शन भरणाऱ्या सिस्टर मान वर न करता म्हणाल्या, "अडीच महिने लिहा, सर." त्यानं लिहिलं.

आषाढी वारीत तुकोबांची पालखी बारामतीला मुक्कामी येते, काटेवाडीत मेंढ्यांचं रिंगण होतं, पुढे सणसर, बेलवाडी, निमगाव केतकी, इंदापूर करत ती सराटीहून नीरेपलीकडे अकलूजला जाते. या पट्ट्यातल्या माणसाला दुखण्याची ही तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरपेक्षा जवळची. कुणाची कंबर 'बेंदराच्या आधी' धरलेली असते, कुणाला 'शिंगणापूरच्या यात्रेत' ताप भरलेला असतो, आणि कारखान्यावरच्या माणसाचा खोकला 'पट्टा पडल्यापासून' असतो. पट्टा पडला म्हणजे गळीत हंगाम संपला. ज्याला हे माहीत नाही त्याच्या केसपेपरवर 'कधीपासून'ची जागा एक तर रिकामी राहते किंवा अंदाजानं भरली जाते.

डॉक्टरांच्या बोलीत या सगळ्याला 'हिस्ट्री घेणं' म्हणतात. पाठ्यपुस्तकी मराठीत रुग्णेतिहास असा शब्द आहे, पण तो कुठल्या दवाखान्यात मी तरी ऐकलेला नाही. मुख्य तक्रार काय, ती कशी सुरू झाली आणि कशी वाढली, मागची दुखणी आणि ऑपरेशनं कोणती, घरात कुणाला काय आहे, सवयी, चालू गोळ्या, बायकांची पाळी-बाळंतपणं, असा हा साचा. रॉबर्ट हचिसन यांनी हॅरी रेनींबरोबर लिहिलेलं 'क्लिनिकल मेथड्स' १८९७ साली आलं. त्याच्या नव्या आवृत्त्या आणि आपल्याकडच्या पी. जे. मेहतांचं पुस्तक यांवर आजही विद्यार्थ्यांचा अभ्यास चालतो. आयुर्वेदानं तर दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न अशी त्रिविध परीक्षा कधीच सांगून ठेवली आहे. होमिओपॅथ मंडळी स्वप्नं कसली पडतात इथपर्यंत विचारतात. थोडक्यात, विचारायचं काय हे सगळ्यांना ठाऊक आहे. अडतं ते ते प्रश्न इथल्या बोलण्यात, इथल्या कामाधंद्यात आणि इथल्या वर्षाच्या चक्रात बसवताना. हे काम कुठल्या पुस्तकात नाही. ते त्या सिस्टरांकडे आहे, आणि त्याचे गुण त्यांना कुणी देत नाही.

हिस्ट्रीची किंमत किती, हे मोजून झालेलं आहे. १९७५ साली इंग्लंडमध्ये हॅम्प्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओपीडीत आलेले ८० नवे रुग्ण घेतले. त्यांतल्या ६६ जणांचं निदान नुसती चिठ्ठी वाचून आणि हिस्ट्री घेऊन झालं होतं आणि शेवटपर्यंत तेच टिकलं. तपासणीनं सात जणांत फरक पडला, प्रयोगशाळेनं आणखी सात जणांत. भारतातल्या डॉक्टरांनी २००० साली असंच मोजून पाहिलं, तेव्हाही हिस्ट्रीचा वाटा तीन चतुर्थांशाच्या वरच निघाला. आता वेळेचं बघू. अमेरिकेत बेकमन आणि फ्रँकेल यांनी १९८४ साली दाखवलं की रुग्णानं बोलायला सुरुवात केल्यावर डॉक्टर सरासरी १८ सेकंदांत मध्ये तोंड घालतात. २०१७ साली ६७ देशांतल्या पाहण्या एकत्र करून एक आढावा निघाला. त्यात स्वीडनमध्ये एका रुग्णाला साडेबावीस मिनिटं मिळत होती, बांगलादेशात ४८ सेकंद, आणि आपल्याकडे दोन मिनिटांच्या आसपास. सोमवारी, म्हणजे वर्दळीच्या दिवशी, ओपीडीच्या दारात उभं राहिलेल्या माणसाला या आकड्याचं नवल वाटणार नाही.

"एवढ्या गर्दीत बोलू देत बसलो तर संध्याकाळ होईल," असं डॉक्टर सांगतात. मला हे फक्त अर्धंच खरं वाटतं. स्वित्झर्लंडमध्ये बाझेलच्या ओपीडीत २००२ साली ३३५ रुग्णांना मध्ये न अडवता बोलू दिलं. सरासरी ९२ सेकंदांत माणसं आपण होऊन थांबली, आणि चारांत तिघांहून अधिक जणांचं दोन मिनिटांत आटोपलं. आपली माणसं बाझेलकरांपेक्षा बोलघेवडी आहेत हे मान्य. पण ती लांबण लावतात ती बहुतेकदा पहिलं वाक्य कुणी ऐकलंच नाही म्हणून. तेच पुन्हा, जरा मोठ्यानं, मेव्हण्याचा दाखला देऊन.

दुसरी बाजू रुग्णाचीही आहे, आणि ती फारशी कुणी लिहीत नाही. आपल्याकडे हुशार डॉक्टर तो, जो हात धरताच ओळखतो. नाडी बघून 'परवा वांगं खाल्लंत' सांगणाऱ्या वैद्यांच्या गोष्टी घरोघरी आहेत. तेव्हा जो फार विचारतो त्याला काही कळत नाही, अशी समजूत पक्की बसलेली. "समदं मीच सांगायचं, तर तुमी कशाला?" हे वाक्य इंदापूरच्या एका खासगी दवाखान्यात मी स्वतः ऐकलं आहे. वर लगेच मागणी, "सोनोग्राफी करून टाका ना." यंत्र विचारत नाही, त्याला आपोआप दिसतं, म्हणून त्याच्यावर विश्वास.

आता शब्दांकडे येऊ, कारण खरी गंमत आणि खरा धोका तिथंच आहे. आजींनी 'चक्कर' म्हटलं आणि कागदावर इंग्रजीत 'गिडीनेस' उमटलं. पण चक्कर म्हणजे काय? आजूबाजूचं घर गरगर फिरतं ती घेरी. त्यात कानाचा दोष शोधावा लागतो. खाटेवरून उठल्यावर डोळ्यांपुढे येते ती अंधारी. ती रक्तदाब उतरल्याची, रक्त कमी असल्याची किंवा गोळी जास्त झाल्याची खूण असू शकते. चालताना भिंत धरावी लागते तो तोल. तिथं मेंदू, पायांच्या नसा, जुनी शुगर यांचा विचार करावा लागतो. आणि दिवसभर रानात राबलेली बाई नुसत्या थकव्यालाही चक्करच म्हणते. चार वेगळे रस्ते, तोंडी शब्द मात्र एकच. "फिरतंय का अंधारतंय?" एवढे तीन शब्द विचारले तरी अर्धं काम होतं.

'पित्त' आणि 'गॅस' यांनी तर माणसं मारली आहेत. छातीच्या खाली, पोटाच्या तोंडाशी भरून येतं, घाम सुटतो, ओकारी येते. घरचे पित्त म्हणतात, सोडा पाजतात, आणि तो हृदयाच्या खालच्या भिंतीचा झटका असतो. माझ्या एका चुलत्यांना असंच पित्त झालं होतं. रात्री ज्या दवाखान्यात नेलं तिथं त्यांनी स्वतःच "गॅस हाय" असं सांगितलं. तिथल्या माणसानं तेच लिहून घेतलं, पित्ताचं इंजेक्शन दिलं आणि परत पाठवलं. सकाळी ईसीजी निघाला तोवर बराच उशीर झाला होता. रुग्णानं निदान सांगितलं की त्याला पुन्हा लक्षणांवर आणावं लागतं, हे त्या रात्री घडलं नाही. दवाखान्याचं नाव मी लिहीत नाही, कारण ही चूक कुठंही होऊ शकते आणि होतेच.

सगळ्यांत अवघड शब्द 'औषध'. शेतकऱ्याच्या तोंडी औषध म्हणजे गोळ्याही आणि फवारणीचं रसायनही. "औषध मारताना लागलं" म्हणजे डाळिंबाच्या बागेत फवारा उलटा अंगावर आला. "औषध पिलं" म्हणजे तर घात. नव्या डॉक्टरनं "औषध घेतलंय का?" विचारावं आणि नातेवाइकांनी मान हलवावी, यातून काय निघेल सांगता येत नाही. सेंद्रिय फॉस्फरसच्या विषबाधेत बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, लाळ गळते, घाम सुटतो, पण सौम्य विषबाधा मळमळ आणि डोकेदुखी घेऊन ओपीडीत येते. तिथं एकच प्रश्न तारतो: "काल-परवा फवारणी होती का, तोंड बांधलं होतं का?" २०१७ साली यवतमाळमध्ये फवारणीनं जी माणसं गेली, त्यानंतर हा प्रश्न महाराष्ट्रातल्या प्रत्येक ओपीडीत पाठ असायला हवा होता. मुद्दाम पिलेल्या माणसाचं वेगळंच. घरचे 'चक्कर येऊन पडला' म्हणतात, कारण एमएलसी, म्हणजे वैद्यकीय-कायदेशीर नोंद, आणि पोलीस. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं, आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता असं धरून चालायचं आणि त्याला शिक्षा करायची नाही असं ठरवलं, पण ही बातमी वस्तीपर्यंत पोचलेली नाही. ती पहिल्या मिनिटात सांगितली तर खरी हिस्ट्री बाहेर येते, बाटलीसकट.

कामधंद्याचा प्रश्न साच्यात असतो. तिथं 'फार्मर' लिहिलं की विषय संपतो. इथं तो तिथून सुरू व्हायला पाहिजे. बारामती-इंदापूर दुधाचा मुलूख. महिना-दीड महिना उतरणारा-चढणारा ताप, घाम, कंबर आणि सांधे दुखतात, टायफॉइडची विडालही नाही आणि मलेरियाही नाही. अशा गड्याला विचारायचं, "गोठ्यात गाय गाभडली होती का? वार कुणी काढली?" हातमोजे न घालता वार ओढली असेल किंवा कच्चं दूध पोटात गेलं असेल, तर ब्रुसेला आठवायला हवा. रक्ताची ती तपासणी मागितल्याशिवाय होत नाही, आणि हा प्रश्न विचारल्याशिवाय ती मागितली जात नाही.

तसंच मण्यार. उसाच्या कडेला खोपीत जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटदुखीनं उठतो, घसा धरलाय म्हणतो, पापण्या जड होतात. मण्यारीचा दंश फारसा दुखत नाही, कित्येकदा खूणही दिसत नाही, त्यामुळे साप चावल्याचं तो सांगणारच नाही. त्याला ते माहीतच नसतं. "रात्री खाली झोपला होता का?" हा प्रश्न विचारायचं ज्याला सुचलं त्याच्या हातात प्रतिविष वेळेत येतं. पुणे जिल्ह्यातच, नारायणगावात, डॉ. सदानंद राऊत यांनी सर्पदंशावर वर्षानुवर्षं काम केलं आहे. जे तिथं उत्तरेला साधलं ते नीरेकाठीही साधायला हरकत नाही.

माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, बिजवडीचा कर्मयोगी, असे कारखाने पेटले की बीड-अहिल्यानगरकडून कोयते येतात. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादमाची उचल घेतलेली असते, खाडा पडला की पैसे कापले जातात. त्यामुळे ओपीडीच्या वेळेत ही बाई दवाखान्यात दिसणं मुश्कील. आलीच तर रात्री, मुलाला घेऊन, आणि स्वतःबद्दल विचारलं तर "मला काय न्हाय." तिची हिस्ट्री एका शब्दात असते: 'पिशवी'. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची पाहणी झाली, तेव्हा ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. तिशी-पस्तिशीतल्या बाईला कंबरदुखी, अंगाची आग, झोप नाही अशी लक्षणं असतील तर पिशवी कधी काढली, का काढली आणि बीजकोशही गेले का, हे विचारल्याविना कॅल्शियमच्या गोळ्या देण्यात काय अर्थ? पण बरेचदा तिलाच ते सांगितलेलं नसतं. ऑपरेशनचे कागद गावाकडे पत्र्याच्या पेटीत.

बायका सांगत नाहीत, ही तक्रार जुनी आहे. डॉ. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० बायका तपासल्या आणि १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं, तेव्हा ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार निघाले. यापूर्वी तशी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. तिथं आधी बायकांचे शब्द शिकून घेतले गेले. आपल्याकडेही 'अंगावरून पांढरं जातं' हे कुणी पहिल्या वाक्यात म्हणत नाही. आधी कंबर, मग हातपाय गळाल्याचं, आणि उठताना, दाराशी, हळूच खरं दुखणं. तेही सासूबाई शेजारी नसतील तर. सुनेला विचारायच्या आत उत्तर देणारी सासू, बायकोच्या पाळीची तारीख सांगणारा नवरा, आणि बापाला शुगर आहे हे त्यालाच कळू नये म्हणून डोळ्यांनी खुणावणारा मुलगा, ही सगळी मंडळी हिस्ट्रीत बसलेली असतात. त्यांना "जरा बाहेर थांबता का, मला तपासायचंय," असं म्हणून बाहेर काढण्याची एक कला आहे. 'तपासायचंय' म्हटलं की जातात. 'बोलायचंय' म्हटलं तर हलत नाहीत.

आशाताईंच्या कागदाचंही थोडं सांगतो. तिशीवरच्या माणसांसाठी त्यांच्याकडे एक तपाससूची असते. तंबाखू, दारू, कंबरेचा घेर, व्यायाम, घरचा आजार यांचे गुण मांडायचे आणि चारच्या वर गेले की तपासणीला आधी पाठवायचं. कागद चांगला आहे. फक्त "तंबाखू खाता का?" विचारलं की साठीची बाई खरोखरच "न्हाय बया" म्हणते, आणि दात काळे असतात. ती तंबाखू खात नाही, मशेरी लावते. ज्या आशाताई याच गावच्या आहेत त्या थेट मशेरीचंच विचारतात.

सरकारी वैद्यकीय महाविद्यालय बारामतीत २०१९ साली सुरू झालं. आता त्याला पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांचं नाव आहे. योगायोग असा की देशभर क्षमताधारित अभ्यासक्रम लागू झाला तोही त्याच वर्षी, म्हणजे इथली पहिली तुकडीच नव्या पद्धतीची. संवाद, नीतिमत्ता, स्थानिक भाषा हे विषय त्यात पहिल्यांदा रीतसर आले. पुढे तीन ते पाच कुटुंबं दत्तक घेऊन त्यांच्याकडे वर्षानुवर्षं जात राहायचा उपक्रमही आला. कागदावर हे उत्तम. पण परीक्षेत 'केस' सांगायची ती इंग्रजीत, ठरलेल्या क्रमानं, आणि अनेकदा अशा रुग्णाची ज्याला दहा विद्यार्थ्यांनी विचारून विचारून पाठ करून सोडलं आहे. असे मुरलेले रुग्ण विद्यार्थ्यालाच सांगतात, "अजून धाप विचारली न्हाई तुमी." मला वाटतं, तिथल्या एखाद्या विभागानं एका वर्षात इथले दुखण्याचे शब्द आणि इथले सण-हंगाम यांची चाळीस पानी वही छापली तर ती हचिसनच्या शेजारी ठेवायच्या लायकीची होईल.

हिस्ट्रीला देव करण्यातही अर्थ नाही. क्षयरोगाचं उदाहरण डोळे उघडणारं आहे. वर्षानुवर्षं 'दोन आठवड्यांहून जास्त खोकला आहे का?' हाच आपला मुख्य चाळणीचा प्रश्न होता. २०१९ ते २०२१ मधल्या राष्ट्रीय पाहणीत दिसलं की छातीचा एक्स-रे काढला नसता तर ४२.६ टक्के रुग्ण सुटले असते, कारण त्यांना विचारून सांगण्यासारखं लक्षणच नव्हतं. तेव्हा यंत्र लागतंच. पण कुणाचा एक्स-रे आधी काढायचा हे ठरवायला पुन्हा घरात कुणाला क्षय होता, कुठं काम करता, हे विचारावंच लागतं.

राहिली गोष्ट हिस्ट्री जपून ठेवायची. चौदा आकडी आभा क्रमांक आला, २०२३ च्या स्वातंत्र्यदिनापासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरही मोफत झाला. प्रत्यक्षात रुग्णाची सगळी नोंद राहते ती कापडाच्या दुकानाच्या प्लास्टिकच्या पिशवीत. त्यात एक्स-रे, रिपोर्ट, रेशनकार्डाची झेरॉक्स आणि गोळ्यांची अर्धी पाकिटं. "कुठल्या गोळ्या चालू आहेत?" याला "एक पांढरी अन् एक बारकी" हे उत्तर ठरलेलं. पिशवी टेबलावर उपडी करायला सांगणं ही माझ्या मते हिस्ट्री घेण्याची सगळ्यांत भरवशाची पद्धत, आणि तिला फार तर मिनिटभर लागतं.

आजींच्या वेळी ती वापरली गेली. इंटर्ननं 'अडीच महिने' लिहिल्यावर सिस्टरांनीच विचारलं, "आजी, पालखीत काय झालं होतं?" वारकऱ्यांसाठी लागलेल्या तपासणी शिबिरात आजी सहज जाऊन बसल्या होत्या. बीपी निघालं, गोळ्या मिळाल्या. त्या संपल्यावर पाकीट दाखवून मेडिकलमधून आणत होत्या. पिशवी उपडी झाली. दोन पाकिटं निघाली, एक शिबिराचं, दुसरं गावच्या डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वी चालू केलेलं. वरची नावं वेगळी होती. इंटर्ननं पाकिटं उजेडाकडे धरून मागची बारीक अक्षरं वाचली. दोन्हीकडे अ‍ॅम्लोडिपिन.

"आजी, या दोन्ही रोज घेता?"

"मग? दोगांनीबी सांगितल्यात न्हवं."